डिजिटल कॅमेऱ्याचे प्रकार आणि आपल्या कामाचा कॅमेरा निवडण्याची रीत

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती मेगापिक्सेलचा आहे?’ हा असतो आणि दुसरा ‘झूम किती आहे?’ हा. हे दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात म्हणून तेच विचारले जातात. पण कॅमेरा आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. ज्यावरून ते कळते त्या गोष्टी तीनच आहेत: सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चकती, किती मोठा आहे, लेन्स बदलता येते का, आणि त्या लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर किती उघडते. कॉम्पॅक्ट, ब्रिज, डीएसएलआर, मिररलेस हे सगळे प्रकार याच तीन गोष्टींच्या निरनिराळ्या जुळण्यांतून तयार झालेले आहेत. म्हणून प्रकारांची नावे पाठ करण्याआधी या तीन गोष्टी समजून घ्याव्यात, आणि त्याहीआधी आपल्याला कशाचे फोटो काढायचे आहेत हे एका कागदावर लिहून काढावे.

मेगापिक्सेलचा हिशेब एकदा करून बाजूला ठेवता येतो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० गुणिले १०० ठिपक्यांचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे चित्र घेत असे. तिथून सुरुवात झालेली असल्यामुळे हा आकडा वाढणे ही पुष्कळ वर्षे खरी प्रगतीच होती. आज तसे राहिलेले नाही. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरतात; त्या मापाने ए४ कागदाला २४८० गुणिले ३५०८ ठिपके, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात आणि ए३ कागदाला साडेसतरा. आता सर्वसाधारण मानला जाणारा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २० इंच रुंदीची छपाई निर्धास्तपणे देतो. त्याहून मोठा आकडा भिंतीएवढ्या छपाईसाठी किंवा फोटोतला लहानसा भाग कापून वापरण्यासाठी उपयोगी पडतो; इतरांना तो मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क भरण्यापलीकडे फारसे काही देत नाही.

सेन्सरच्या आकाराचे मात्र तसे नाही. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी असतो (कॅननचा किंचित लहान, २२.३ गुणिले १४.९), मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३ मिमी, आणि ज्याला एक इंची म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी. स्वस्त कॉम्पॅक्ट आणि बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांत असलेला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिमीचा असतो. क्षेत्रफळ काढले तर फुल फ्रेम या शेवटच्या सेन्सरच्या सुमारे तीसपट भरतो. सेन्सर मोठा असला की त्याच शटर वेगाला (म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याच्या तेवढ्याच वेळाला) आणि त्याच अ‍ॅपर्चरला एकूण प्रकाश जास्त गोळा होतो, त्यामुळे संध्याकाळच्या किंवा घरातल्या फोटोत दाणे कमी दिसतात, सावलीतले तपशील टिकतात आणि मागची पार्श्वभूमी सहज धूसर करता येते. याची किंमतही आहे: सेन्सर मोठा, तर तेवढेच दृश्य जवळ आणण्यासाठी लेन्स लांब, जड आणि महाग. ही देवाणघेवाण कोणत्याही कंपनीला चुकवता आलेली नाही.

लेन्सची मिमीत सांगितलेली फोकल लेंथ जितकी जास्त, तितका दूरचा विषय मोठा दिसतो. निरनिराळ्या सेन्सरवरच्या लेन्सची तुलना करण्यासाठी ‘समतुल्य फोकल लेंथ’ वापरतात. लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेंथला एपीएस-सीसाठी १.५ ने (कॅननसाठी १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्ससाठी २ ने, एक इंचीसाठी २.७ ने आणि १/२.३ इंचीसाठी सुमारे ५.६ ने गुणले की फुल फ्रेमवर तेवढेच दृश्य देणारी फोकल लेंथ मिळते. दुकानदार ‘५० एक्स झूम’ म्हणाला, तर सर्वांत लांबची समतुल्य फोकल लेंथ किती, असे विचारावे. ५० एक्स म्हणजे फक्त सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद टोकांचे गुणोत्तर. पक्षी किती मोठा दिसेल हे त्यावरून ठरत नाही.

प्रकारांकडे वळताना सुरुवात खिशातल्या फोनपासूनच केली पाहिजे, कारण अनेकांना वेगळ्या कॅमेऱ्याची गरजच नसते. चांगला फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो आणि त्याच्या लहान सेन्सरची उणीव बरीच भरून काढतो. भर उजेडात, रुंद दृश्यांसाठी, आणि फोटो फोनच्याच पडद्यावर पाहायचे असतील तर साधा कॅमेरा त्याहून सरस ठरेलच असे नाही. लांबचा विषय, वेगाने हलणारा विषय, अगदी कमी प्रकाश किंवा मोठी छपाई, यांपैकी एकही गोष्ट तुमच्या कागदावर नसेल तर पैसे वाचवावेत, हे मी मनापासून सांगतो.

याच कारणाने लहान सेन्सरचा, तीन-पाच पट झूमचा साधा कॉम्पॅक्ट आता घेऊ नये. कॉम्पॅक्टमधले तीन उपप्रकार मात्र अजून टिकून आहेत. पहिला एक इंची सेन्सरचा; २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१०० पासून ही जात रूढ झाली आणि खिशात मावणारा चांगला कॅमेरा म्हणून तिला आजही अर्थ आहे. दुसरा मोठ्या सेन्सरचा आणि एकाच न बदलणाऱ्या लेन्सचा, जसा फुजीफिल्मचा एक्स१०० मालिकेतला, ज्यात एपीएस-सी सेन्सर आणि २३ मिमी एफ/२ लेन्स असते (‘एफ/’पुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). रस्त्यावरचे जीवन टिपणाऱ्यांना तो विशेष आवडतो. तिसरा पाण्यात चालणारा. ओएम सिस्टिमचा टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो आणि लेन्सपासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो, त्यामुळे भर पावसात किडे आणि शेवाळ टिपणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

ब्रिज कॅमेरा हा सर्वांत जास्त गैरसमज असलेला प्रकार आहे. दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स बदलता न येणारा आणि बहुधा लहान सेन्सरचा. त्याची खरी ताकद आणि खरी मर्यादा समजण्यासाठी भिगवणचे उदाहरण घेऊ. उजनीच्या पाणलोटात हिवाळ्यात नावेतून रोहित पक्षी पाहायला जाणारी पुष्कळ मंडळी कॅमेऱ्याचा पहिला विचार तिथेच करतात. समतुल्य ६०० मिमी फोकल लेंथला ४० मीटर अंतरावर चौकटीत २.४ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच दृश्य मावते. सव्वा मीटर उंचीचा रोहित त्या चौकटीत छान भरून उभा राहतो. त्याच अंतरावर खांबावर बसलेला सतरा सेंटिमीटरचा खंड्या मात्र रुंदीचा फक्त चौदावा हिस्सा व्यापतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीतल्या ६००० पैकी सव्वाचारशे ठिपके.

आता निकॉनचा २०१८ मध्ये आलेला कूलपिक्स पी१००० घ्या. त्याची लेन्स २४ ते ३००० मिमी समतुल्य आहे. त्याच खंड्याला ती रुंदीचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा देते. १६ मेगापिक्सेलच्या चित्रात सुमारे १६०० ठिपके. आकडा पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्ण झूमला या लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/८ असते, सेन्सरवरचा एकेक ठिपका सव्वा मायक्रॉनहून थोडाच मोठा असतो, आणि एफ/८ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना तो थोडा पसरत असल्यामुळे, दृश्यातल्या एका बिंदूची सेन्सरवर पडणारी चकती साडेदहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळपास आठ ठिपक्यांएवढ्या व्यासाची असते. ठिपके १६०० असले तरी पिसांचा तपशील त्याहून बराच कमी येतो. शिवाय ऊन चढले की पाण्यावरची हवा लहरू लागते आणि इतक्या लांबचे कोणतेच चित्र रेखीव राहत नाही. तरीही पक्षी ओळखण्यासाठी आणि नोंदीसाठी फोटो हवा असेल, तर सुमारे १.४ किलोच्या एकाच वस्तूत एवढा पल्ला दुसरा कोणताही प्रकार देत नाही. सकाळच्या स्वच्छ उन्हात, नाव थांबवून काढलेले त्याचे फोटो ओळख पटवण्यास पुरेसे असतात. यातला सुवर्णमध्य म्हणजे एक इंची सेन्सरचे ब्रिज कॅमेरे. सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ ची लेन्स २४ ते ६०० मिमी समतुल्य असून शेवटच्या टोकालाही एफ/४ उघडते.

लेन्स बदलता येणारे दोन प्रकार, डीएसएलआर आणि मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरपा आरसा असतो. तो प्रकाश वर प्रिझमकडे वळवतो आणि डोळ्याला थेट दृश्य दिसते, बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये आरसा नाही, प्रकाश सतत सेन्सरवर पडतो आणि डोळ्याला छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर चित्र दिसते. पॅनासॉनिकचा जी१ २००८ मध्ये आला, सोनीचा फुल फ्रेम ए७ २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन या दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस बाजारात आणले. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे त्यांचे सर्वोच्च श्रेणीचे डीएसएलआर २०२० चे आहेत. त्यानंतर त्या श्रेणीत दोघांचेही लक्ष मिररलेसकडेच राहिले. नवा कॅमेरा घेणाऱ्याने आज मिररलेसच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे मुख्य कारण फोकस हे आहे. डीएसएलआरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर होतो आणि त्याचे बिंदू चौकटीच्या मध्यभागाजवळ गोळा झालेले असतात. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होत असल्याने तो चौकटीच्या कडेपर्यंत पोहोचतो, माणसाचा किंवा पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो, आणि फोटो उजळ येईल की काळपट हे बटण दाबण्याआधीच दिसते. शिकणाऱ्यासाठी ही मोठीच मदत आहे. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर हा दुसरा लाभ. शास्त्रीय गायनाच्या मैफलीत किंवा कीर्तनात शटरचा खटका ऐकू येणे किती अप्रशस्त वाटते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण हे शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, म्हणून काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात आणि मिरवणुकीत ढोलावर पडणारे टिपरू वाकलेले दिसते. अशा वेळी यांत्रिक शटर लावावे. तुमच्या कामात हे प्रसंग नेहमीचे असतील तर यांत्रिक शटर नसलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ नये.

डीएसएलआरची बाजूही सांगितली पाहिजे. निकॉन डी८५० ची बॅटरी ठरावीक मापनपद्धतीनुसार एका चार्जमध्ये १८४० फोटो देते. मिररलेसमध्ये हा आकडा बहुधा काही शेकड्यांतच असतो, म्हणून दोन जादा बॅटऱ्यांचे पैसे आधीच धरावेत. आणि वापरलेल्या बाजारात डीएसएलआर व त्याच्या लेन्स पुष्कळ आणि स्वस्त मिळतात. हातात थोडे पैसे असलेल्या विद्यार्थ्याने चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आणि एक ५० मिमी लेन्स घेतली तर त्याचे शिकणे कुठेही अडणार नाही.

इथे माउंटचा प्रश्न येतो आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. लेन्स ज्या कड्याने बॉडीला बसते ते कडे, म्हणजे माउंट, बहुतेक कंपन्यांचे वेगवेगळे असते. कॅननच्या डीएसएलआरचे ईएफ माउंट १९८७ चे, मिररलेसचे आरएफ २०१८ चे. निकॉनचे एफ १९५९ चे आणि झेड २०१८ चे. आरसा गेल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कमी झाले (ईएफ ४४ मिमी, आरएफ २० मिमी), म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर लावून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते, पण नवी लेन्स जुन्या बॉडीवर चालवता येत नाही. निकॉनच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते; फोकसची मोटर बॉडीत असावी लागते. डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत ती नाही आणि झेड बॉडीसाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. स्वस्त मिळाली म्हणून ५० मिमी एफ/१.८ डी घेतली तर या कॅमेऱ्यांवर ती लागते, प्रकाशाचे मोजमापही करते, पण फोकस हाताने करावा लागतो. तेव्हा लेन्सचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, बॉडीच्या नावासमोर ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता कागदावर लिहिलेल्या विषयांकडे या. घरचे समारंभ आणि लग्ने हा विषय असेल तर खर्च अ‍ॅपर्चरवर करावा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ च उघडते. मंगल कार्यालयाच्या उजेडात तिला शटर १/२० सेकंद ठेवावे लागत असेल, तर एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स जवळपास दहापट प्रकाश घेते आणि तेच शटर १/२०० पर्यंत नेता येते. हार घालणारे हात पहिल्या फोटोत पुसट येतात, दुसऱ्यात स्पष्ट. बॉडी तीच, सेन्सर तोच. मात्र एफ/१.८ ला फोकसची खोली अगदी थोडी असते. वधूवर पुढेमागे उभे असतील तर एकाचाच चेहरा रेखीव येईल, म्हणून दोघांच्या फोटोला एफ/४ च्या आसपास यावे.

ताडोबासारख्या जंगलात पहाटेच्या सफारीला हाच नियम लांब लेन्सला लागू होतो. १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सचे अ‍ॅपर्चर शेवटी एफ/६.३ असते, एफ/२.८ ची लेन्स तिच्या पाचपट प्रकाश घेते, पण तिची किंमत आणि वजन दोन्ही सर्वसामान्य शौकिनाच्या आवाक्याबाहेर असतात. वर्षातून एखादी सफारी करणाऱ्याने ती भाड्याने घ्यावी. मुंबई-पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि एखादी महागडी लेन्स विकत घेण्याआधी ती दोन दिवस वापरून पाहण्याचाही हाच उत्तम मार्ग आहे.

कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुले टिपायची असतील तर सेन्सरपेक्षा मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू जवळून मोठी टिपणारी लेन्स, महत्त्वाची. दवबिंदूसारखी कीटकभक्षी वनस्पती बोटभर उंचीची असते, आणि फुले तुडवून पुढे सरकायचे नसते. म्हणून ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स घ्यावी. ती वाटेवर उभे राहूनही विषय मोठा देते. पावसात वापरायची बॉडी आणि लेन्स दोन्ही पाणीरोधक सीलबंद असाव्यात. एकटी बॉडी सीलबंद असून भागत नाही. गडकिल्ल्यांच्या भटकंतीत वजनाला पहिले स्थान द्यावे, आणि तिथे मायक्रो फोर थर्ड्स किंवा लहान एपीएस-सी बॉडी फुल फ्रेमपेक्षा जास्त फोटो मिळवून देते, कारण ती पाठपिशवीत न राहता गळ्यात राहते.

व्हिडिओ करणाऱ्यांनी बाहेरच्या माइकची जागा, पुढे वळणारा पडदा आणि सलग रेकॉर्डिंगची मर्यादा या तीन गोष्टी पाहाव्यात. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केला तर ६४ जीबी कार्डावर सुमारे ८५ मिनिटे मावतात. त्यासाठी वेग दाखवणारी व्ही३० खूण असलेले कार्ड पुरते.

पैशांची विभागणी करताना एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक बॉडीवर घालू नये. चांगली लेन्स दोन-तीन बॉडी बदलल्या तरी कामी येते. नवी वस्तू घेताना जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावरचा अनुक्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. परस्पर बाहेरून आणलेल्या मालाला भारतातली वॉरंटी बहुधा मिळत नाही.

जुना कॅमेरा घेताना अ‍ॅपर्चर एफ/१६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे. साध्या बॉडीची शटरे साधारण एक लाख फोटोंच्या अपेक्षेने बनवलेली असतात, व्यावसायिक बॉडीची त्याहून बरीच जास्त. लेन्स पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स परत ठेवावी.

ही बुरशी कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हमखास वाढते, म्हणून कॅमेऱ्याबरोबर तो ठेवण्याच्या सोयीचाही खर्च धरावा. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट सर्वांत उत्तम. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवावे. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे. चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटातल्या कपड्यांमध्ये लेन्स कधीही ठेवू नये, दर आठवड्याला ती बाहेर काढून थोडी वापरावी, आणि एखाद्या लेन्सला बुरशी लागलीच तर दुरुस्ती होईपर्यंत तिला इतर लेन्सच्या डब्याबाहेर ठेवावे.